शून्याचा हट्ट सोडा



लगेच मुद्द्यावर येतो; जेवणाआधी बोलणाऱ्या अध्यक्षाकडून श्रोत्यांची एवढीच अपेक्षा असते. या सभागृहात हजार-हजार लिटरचे टँक सांभाळणारी मंडळी बसली आहेत. त्यांची माफी मागून मी आज फक्त छोट्या टाकीबद्दल बोलणार आहे. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. आत साधारण ४० लिटर खारं पाणी, क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी. खाली संप नाही, शेजारी चिलर नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा बेताची, त्यामुळे छंदाला नव्याने लागणारे बरेच जण हीच टाकी घेतात. मग काही महिन्यांत दगडांवर हिरवी दाढी वाढते, आणि तीच टाकी दिव्यासकट ‘विकणे आहे’ म्हणून आपल्याकडे फिरत येते.

माझं म्हणणं असं, की शेवाळाशी आपली लढाई चुकीच्या ठिकाणी चालली आहे. टेस्ट किटच्या नळीतला रंग आपण डोळे ताणून बघतो, पण खायला घालणारा हात बघत नाही.

जरा हिशेब करू. कोरड्या खाद्यात ढोबळमानाने ४५ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एका ग्रॅममध्ये ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. दगडांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सगळा नायट्रोजन नायट्रेटपर्यंत पोचला, तर ते भरतं ३२० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४० लिटरमध्ये ८ पीपीएम. त्याच ग्रॅममध्ये एक टक्का फॉस्फरस धरा. त्याचं फॉस्फेट होतं ३० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण पीपीएम. फॉस्फेट ०.१ च्या वर गेलं की आपण हवालदिल होतो, आणि इथे एका ग्रॅमनं त्याची सातपट भर घातली! वाढत्या वयाचा मासा यातलं काही अंगाला लावतो. पुरता वाढलेला जवळजवळ सगळं परत करतो. आणि एक ग्रॅम म्हणजे किती? दाणेदार खाद्याचा चहाचा अर्धा चमचासुद्धा भरत नाही. शाळेतून आलेल्या नातवानं प्रेमानं टाकलेली एक चिमूट मोठ्या टँकला कळतही नाही. छोट्या टाकीला ती आठवडाभर पुरते.

या हिशेबात नायट्रेट आणि फॉस्फेटचं वजन जवळपास १० ला १ पडतं, हे काहींच्या लक्षात आलं असेल. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखवलं, की प्लवकांत आणि समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण बरंचसं ठरलेलं असतं. पुढे अणूंच्या हिशेबात तो आकडा १६ ला १ असा रूढ झाला, आणि वजनात मांडला तर नायट्रेट-फॉस्फेटचं प्रमाण हेच येतं. खाद्य बनतं मासळीच्या कुटापासून, मासळीचं मूळ अन्न प्लवक. तेव्हा समुद्राचं प्रमाण डब्यात उतरलं यात नवल नाही. मात्र ते समुद्राचं वर्णन आहे, औषधाची मात्रा नाही. हे गुणोत्तर जुळवण्यासाठी टाकीत ड्रॉपरनं नायट्रेट सोडणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, असा सल्ला प्रत्येक दुकानात मिळतो. तोही तपासून पाहू. टाकीत आठवड्याला ७ पीपीएम नायट्रेट तयार होतंय आणि ते दुसरं कुणी वापरत नाही, असं धरा. दहा टक्के पाणी बदलत राहिलात तर आकडा चढत चढत ७० वर जाऊन थांबतो, कारण तिथे पोचल्यावरच दहा टक्क्यांत ७ निघून जातात. वीस टक्के बदललंत तर ३५. आणि खाद्य निम्मं करून वीस टक्के बदललंत तर साडेसतरा. छोट्या टाकीचा फायदा इथेच आहे. वीस टक्के म्हणजे जेमतेम आठ लिटर, अर्धी बादली. मोठ्या टँकवाल्यांनी महागडे स्किमर घ्यावेत. आपल्याकडे बादली आहे.

आता नेहमीचं कोडं. दगड शेवाळानं भरलेत आणि टेस्ट किट शून्य दाखवतंय. लोक म्हणतात किट खराब आहे. किट बहुधा बरोबर असतं. पगार भरपूर आणि खर्चही तेवढाच असेल, तर पासबुकात शिल्लक शून्यच दिसणार. जे पाण्यात आलं ते शेवाळानं उचललं. नळीत दिसतं ते उरलेलं. म्हणून शून्याला माझा विरोध आहे. फॉस्फेट शोषणारं लोहाचं दाणेदार माध्यम भरमसाट घालून, व्होडका-व्हिनेगर पाजून जिवाणू वाढवून काही जण पाणी खरोखर कोरडं करतात. मग हिरवं शेवाळ जातं आणि तिथे डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री विरळ झालेले आणि दुपारी पुन्हा दाट. त्यांतल्या काही जाती विषारी असतात. ते खाऊन शंख मरतात. हिरव्या शेवाळाशी जगता येतं, यांच्याशी नाही. छोट्या टाकीत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान राहिलं, तर मी किट कपाटात ठेवून देतो.

पण नुसत्या पोषकांवर बोट ठेवणं हीही अर्धीच गोष्ट. १९८३ साली पनामाजवळ काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन मरायला लागले आणि वर्ष-सव्वा वर्षात ती साथ सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरली. बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच जाळ्यांत संपले होते, १९८० च्या चक्रीवादळानं प्रवाळ मोडले होते. चरणारं उरलं होतं ते हे अर्चिनच. १९७७ मध्ये तिथे तळाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग जिवंत प्रवाळांचा होता. १९९३ पर्यंत तो तीन टक्क्यांवर आला, आणि शेवाळ चार टक्क्यांवरून ब्याण्णववर गेलं. चरणारे गेल्यावर काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

उलट बाजू हवाईतल्या कानेओहे उपसागराची. तिथे सांडपाणी उपसागरात सोडत असत आणि बुडबुड्यांसारखं एक हिरवं शेवाळ प्रवाळांवर चढलं होतं. १९७७-७८ मध्ये सांडपाणी खोल समुद्राकडे वळवलं. पाणी लवकर सुधारलं, पण शेवाळ हटायला तयार नव्हतं. ते खऱ्या अर्थानं गेलं २००६ च्या वसंतात, कित्येक आठवड्यांच्या सलग पावसाळी, ढगाळ हवेनंतर. तोवर ते टिकलं, कारण तळाच्या गाळात पोषकांचा साठा होता, चरणारे मासे कमी होते. तुमच्या टाकीतले दगडही असंच करतात. चुनखडीला फॉस्फेट चिकटतं. पाण्यातलं काढलंत की दगड आपल्या जवळचं सोडतो. आकडा आज उतरला आणि चार दिवसांनी चढला, तर माध्यम फसवं आहे असं समजू नका. दगड रिकामा होतोय. थांबा.

तेव्हा चरणारे हवेत. चाळीस लिटरमध्ये टँग मासा ठेवणं हा छळ आहे, तो कुणी करू नये. चार-पाच ट्रोकस शंख, दोन-तीन शंखवासी खेकडे पुरे. टर्बो शंख शेवाळ भराभर खातो, पण उलटा पडला की बऱ्याचदा सरळ होत नाही आणि मेला तर सगळं पोषण परत पाण्यात. आणि शंख खातो म्हणजे पोषक टाकीबाहेर जात नाहीत, फक्त रूप बदलतात. बाहेर काढतो तो आपला हात. पाणी बदलायच्या दिवशी जुना टूथब्रश घ्या, दगडावर एकाच दिशेनं फिरवत केसाळ शेवाळाची लट त्याच्यावर गुंडाळा, सायफनची बारीक नळी ब्रशच्या अगदी तोंडाशी धरा, म्हणजे तुटलेले धागे पाण्यात न पसरता थेट बादलीत पडतात. दगड उचलता येत असेल तर टाकीबाहेर, बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासा. शेवाळ मारणारी औषधं टाकून ते टाकीतच सडू देणं म्हणजे काढलेलं कर्ज पुन्हा डोक्यावर घेणं. गोठवलेलं खाद्य धुऊन घालण्याचा मोठा प्रचार आहे. धुवा, हरकत नाही. पण फॉस्फरस मुख्यतः खाद्यातल्या कोळंबीच्या अंगात असतो, वितळलेल्या पाण्यात नाही.

एक खास आपल्या घरांतली अडचण. बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्यानंच घालायची, हे सगळ्यांना माहीत आहे. मीठ मागे राहतं, लिटरभर उडालं तर ३५ ची क्षारता ३६ ला टेकते. पण हे पाणी लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं घेतात. त्यातल्या अनेक यंत्रांना टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो. सिलिकेट, नायट्रेट सगळं त्यातून येतं आणि काचेवर तपकिरी थर धरतो. दोनशे-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर त्या नळाखाली धरून बघा. शून्याचा हट्ट करायचाच असेल तर इथे करा.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून दगडी प्रवाळ आहेत. समुद्रातून उपटलेला ‘लाइव्ह रॉक’ शेवाळावर रामबाण म्हणून आजही दबक्या आवाजात विकला जातो. मालवणला किंवा हाजीअलीच्या खडकांवर जे थोडं जिवंत आहे, ते आपल्या बैठकीच्या खोलीसाठी नाही. कोरडा, कृत्रिम दगड जिवाणू धरायला दोन-तीन महिने घेतो; तेवढे घेऊ द्या. मासेही पैदास केलेलेच घ्या; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास आपल्या देशात केव्हाच यशस्वी करून दाखवली आहे.

दुपारच्या सत्रात दोन ठराव येतील. समुद्रातून काढलेला प्रवाळ-दगड कोणीही सभासद विकत घेणार नाही, हा पहिला. प्रत्येकानं वर्षभर खाद्याचं वजन, बदललेलं पाणी आणि काढलेलं शेवाळ यांची वही ठेवून ती पुढच्या संमेलनात आणावी, हा दुसरा. दोन्ही ठराव एकमताने संमत करावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.