नवी मुंबई ते नागपूर : अंतर एक, वेळा अनेक

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिथून नागपूर किती लांब?

आकाशातून सरळ रेघ मारली तर सुमारे 670 किलोमीटर. जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. या हिशेबाने तासाभराच्या आत नागपूर यायला हवे. तिकिटावर मात्र साधारण दीड तास लिहिलेला असतो, आणि तो बरोबरच असतो. कारण हे घड्याळ विमान जागेवरून हलते तेव्हा सुरू होते आणि नागपुरात ते जागेवर उभे राहते तेव्हा थांबते. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण, रांगेतली थांबाथांब, सगळे त्यात आले. शिवाय विमान सरळ रेघेत जात नाही. ठरवून दिलेल्या हवाई मार्गाने जाते.

वाऱ्याचाही वाटा मोठा. हिवाळ्यात महाराष्ट्रावर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, येताना समोर. मुंबई ते लंडन या सुमारे 7,200 किलोमीटरच्या प्रवासात हा फरक ठळक जाणवतो : पश्चिमेकडे जाताना जास्त वेळ, परतताना कमी.

जमिनीवर 701 किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारीने सुमारे आठ तास. विमानतळावर लवकर पोहोचणे, तपासणी, सामान हे धरले तरी विमान पुढेच राहते.

श्रोतेहो, तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचा : मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय.