रेषेच्या वरचे, पण काठावरचे
(धायरी येथील भाषण)

दारिद्र्यरेषेच्या चर्चेला पाया देणारा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९६०-६१च्या किमतींनुसार शहरी माणसाचा किमान मासिक खर्च २२.५० रुपये मांडला. परंतु रेषेखाली कोण, एवढेच रेषा सांगते. काठावर कोण उभे आहे, हे सांगत नाही. धायरीत गृहकर्जाचे हप्ते फेडणारे कुटुंब आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, दोघांनाही एकच मोठे आजारपण कर्जात लोटू शकते. पालिकेची शाळा आणि दवाखाना आपण मध्यमवर्गीयांनी सोडला, तेव्हा तेथे जाब विचारणारे कमी झाले. म्हणून ‘गरीब की मध्यमवर्ग?’ हा वाद सोडून तेथे परत जाऊ या. ती व्यवस्था सुधारली, तर दोन्ही घरे सावरतील.