बोंड ओळखणारी बोटं

अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरच्या शिवारात कापूस फुटला, की दव ओसरताच बायका ओटी बांधून वेचणीला लागतात. कोणतं बोंड पुरतं उमललं, कोणतं अजून कच्चं, हे त्यांची बोटं क्षणात ठरवतात. यंत्राला हे शिकवायचं म्हणजे मोठं अवघड काम!

अशी कामं करणारी यंत्रं घडवायचं शिक्षण मुंबईच्या आयआयटीतला ‘ई-यंत्र’ प्रकल्प देतो. संगणकशास्त्र विभागातले प्राध्यापक कवी आर्य यांनी तो उभारला. २०१२ पासून त्याची देशपातळीवरची रोबोटिक्स स्पर्धा होते, आणि तिथं शेतीचे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. हरितगृहातले टोमॅटो तोडणारा यंत्रमानव, हा त्यातलाच एक.

तो काम कसा करतो? कॅमेरा रंगावरून पिकलेलं फळ ओळखतो. दुसरा संवेदक फळ किती दूर आहे ते मोजतो. मग संगणक उलटं गणित मांडतो : हात फळापाशी न्यायचा, तर खांदा किती वळवायचा, कोपर किती वाकवायचं? शेवटी पकड. जोर जास्त झाला तर फळ चेंगरतं, कमी पडला तर निसटतं.

कापसाचं त्याहून कठीण. एकाच झाडावर फूल, कैरी म्हणजे न फुटलेलं बोंड, आणि फुटलेलं बोंड एकाच वेळी असतं, वारा फांद्या हलवत राहतो. म्हणूनच मला वाटतं, कापूस वेचणारं यंत्र घडवताना वेचणाऱ्या बाईचा अनुभव आधी विचारला जावा. अंबाजोगाईला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनो, शेत तुमच्या अगदी जवळ आहे.