फिजिओथेरपिस्टची कमाई : पेढे वाटण्याआधीचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजक मंडळी घरी आली आणि म्हणाली, "तुमची मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली, चार शब्द बोला." आम्ही विचारले, "कौतुकाचे बोलू की हिशेबाचे?" ते म्हणाले, "खरं असेल ते बोला." म्हणून आज हिशेबच मांडतो. कौतुक तुम्ही पूर्वी भरपूर केलेले आहे.

आमचे घर तुम्हाला ठाऊक आहे. घरात एक पगार एस.टी.च्या वर्कशॉपचा आणि दुसरी कमाई विड्या वळण्याची. थोरलीला बी.पी.टी.ला प्रवेश मिळाला तेव्हा वस्तीत "पोरगी डॉक्टर होणार" म्हणून पेढे वाटले. शिष्यवृत्ती होती तरी राहणे, जेवण, पुस्तके यांसाठी पतपेढीचे कर्ज काढले. साडेचार वर्षांनी ती पास झाली, एका खाजगी दवाखान्यात लागली आणि पहिल्या महिन्याला हातात आले १२,००० रुपये. नेमणुकीचा कागद नाही. "आधी काम बघू, मग वाढवू," एवढेच तोंडी. आठ महिने झाले, वाढ नाही. एका रात्री ती म्हणाली, "बाबा, मी काही चुकले का?" त्या प्रश्नाने आम्हा दोघांना झोप आली नाही. चूक तिची नव्हती. चूक आमची होती. शिक्षणाला पैसे किती लागतील हे आम्ही दहा जणांना विचारले, पण शिकल्यावर पैसे कोण देणार आणि कशाचे देणार, हे एकालाही विचारले नाही.

आता हा व्यवसाय काय आहे ते थोडक्यात. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओची साथ आली आणि त्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पुढे २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण काम संपले नाही. आज लकवा, मोटारसायकलचे अपघात, गुडघे, मणके, बाळंतपणानंतरची कंबरदुखी, म्हातारपण असे सगळे या उपचाराकडे येते. आपल्या जिल्ह्यात तर दुखण्याला तोटा नाही. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कामगार वाकून वाकून कंबर गमावतात. नगर-संगमनेरच्या विडी कामगार बायांची मान आणि खांदे जातात. तरीही ज्याला गरज आहे त्याच्याकडे पैसे नाहीत आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला वाटते, ही नुसती मालिश. कमाईचे पहिले कोडे इथे आहे.

दुसरे असे की, पैसे कोणाच्या खिशातून येतात यावर कमाई ठरते. पदवी तीच, पण खिसे वेगवेगळे. एकेक पाहू.

पहिला खिसा सरकारचा. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या फिजिओथेरपिस्टचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते वेगळे. राज्यात जिल्हा रुग्णालये व सरकारी मेडिकल कॉलेजांत पदे असतात, पण ती मोजकी, आणि एका जागेमागे अर्ज ढीगभर. आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा पाहा. गेल्या काही वर्षांतल्या जाहिरातींत मानधन महिना २०,००० च्या आसपास दिसते. काम तेच, दुखणेही तेच; पण एकाला पेन्शनची सोय, तर दुसऱ्याला दर वर्षी मुदतवाढीची चिंता.

दुसरा खिसा खाजगी दवाखान्याचा. इथे ठरीव पगार असतो किंवा टक्केवारी असते. टक्केवारीत रुग्णाने दिलेल्या पैशातला वाटा दवाखाना ठेवतो. वरून ऐकायला बरी वाटते. पण हाडांचे डॉक्टर चिठ्ठी देतील तेवढेच रुग्ण, आणि आपला वाटा किती हे कागदावर नसेल तर महिन्याअखेर नुसता वाद.

तिसरा खिसा कॉलेजचा. शिकवायचे असेल तर एम.पी.टी., म्हणजे आणखी दोन वर्षे आणि आणखी फी. मणका-सांधे, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-श्वसन, खेळ, समाज-आरोग्य अशा शाखा आहेत. मोठ्या शहरात त्यांचा भाव वाढतो. तालुक्याच्या गावी रुग्ण शाखा विचारत नाही, "किती दिवसांत बरं होईल" एवढेच विचारतो.

चौथा खिसा रुग्णाचा स्वतःचा, म्हणजे आपले क्लिनिक. इथे पाटी-पेन्सिल घेऊन बसू. समजा एका वेळचे २०० रुपये, रोज १० रुग्ण, महिन्याचे २५ दिवस. जमा झाले ५०,०००. आता खर्च धरू. गाळ्याचे भाडे ८,०००, वीज २,०००, मदतनीस ८,०००, टेन्स, अल्ट्रासाऊंड, ट्रॅक्शन अशा यंत्रांचा हप्ता ७,०००. खर्च २५,०००. शिल्लक २५,०००. आता पेरणी आली, नाहीतर कारखान्याचा पट्टा पडला आणि १० चे ६ रुग्ण झाले. जमा ३०,०००, खर्च तोच २५,०००, शिल्लक ५,०००. रुग्ण चारच कमी झाले, पण शिल्लक पाचाव्या हिश्शावर आली. म्हणून या व्यवसायात नवा रुग्ण येणे जेवढे मोलाचे, तेवढेच आलेला रुग्ण शेवटच्या दिवसापर्यंत टिकणे मोलाचे. रुग्ण टिकतो तो समजावून सांगितल्याने. आमच्या मुलीला हे कळायला दोन वर्षे लागली.

कोणी म्हणेल, परदेशात तर फार मिळते. खरे आहे. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टची मधली कमाई वर्षाला १,०१,०२० डॉलर होती. म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. पण तिथे आपली पदवी तपासून घ्यावी लागते, परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि खर्चही डॉलरमध्येच होतो. शिवाय तिथे बिलाचा मोठा भाग विमा भरतो. आपल्याकडे बहुतेक विमा पॉलिसी भरती न होता घेतलेल्या अशा उपचाराचे पैसे देत नाहीत. रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडवून येतो आणि वर फीही देतो. तो चौथ्या दिवशी यायचा बंद होतो, यात नवल ते काय?

आता थोडे आपल्याच माणसांविषयी, म्हणजे आधी आमच्याविषयी. मुलीने घराजवळ क्लिनिक काढले तेव्हा वस्तीतल्या मावश्या, काका येऊ लागले. तिने फी सांगितली की आम्हालाच लाज वाटायची. घरातल्या आईनेच तिला बजावले, "आपल्या माणसाकडून कशाला घेतेस?" ती शांतपणे म्हणाली, "आई, कारखानदाराने तुला 'घरचीच बाई' म्हणून हजारी दिली नसती, तर चाललं असतं का?" विडीची मजुरी हजारामागे मिळते, हे तुम्ही जाणता. त्या हजारीसाठी मोर्च्यात गेलेली ती बाई यावर काय बोलणार? आम्ही गप्प बसलो.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांच्या वतनात काम किती याला मर्यादा नव्हती आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर होता. ते वतन बदलावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ज्या हाताचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्याच हाताने आज आपली मुलगी गावाचे गुडघे आणि खांदे चालते करते. त्या हाताचे मोल विचारणे हा उद्धटपणा नाही. गरिबाला सवलत जरूर द्यावी, पण ती देणाऱ्याने ठरवून द्यावी. आमची मुलगी आता रविवारी सकाळी दोन तास याच विहारात वृद्धांना विनामूल्य तपासते. बाकीचे सहा दिवस फीचा फलक भिंतीवर आहे, आमच्यासकट सर्वांना.

शेवटी पालकांना काही कामाच्या गोष्टी. आपल्या जिल्ह्यात लोणीला डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम कॉलेज ऑफ फिजिओथेरपी आहे, ते प्रवरा अभिमत विद्यापीठाचे. विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचे कॉलेज आहे, ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले. अभिमत आणि संलग्न यांतला फरक समजून घ्या. राखीव जागा, फी आणि शिष्यवृत्तीचे नियम दोन्हीकडे सारखे नसतात. प्रवेशाआधी लेखी विचारा. 'नीट' परीक्षा द्यावी लागते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच मार्गी लावा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भरा. २०२५ साली केंद्राने जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे, म्हणजे एकूण पाच वर्षांचा खर्च धरा. पास झाल्यावर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करा. क्लिनिकसाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची चौकशी करा.

आणि मुलांनो, नोकरीला जाताना चार गोष्टी विचारा. पगार किती, तास किती, वाढ केव्हा, आणि हे कागदावर मिळेल का? पहिल्या दिवशी विचारायला जड जाते. आठ महिन्यांनी विचारणे त्याहून जड जाते, हे आम्ही आमच्या घरात पाहिले आहे.

मुलीचे कर्ज गेल्या वर्षी फिटले. पेढे आम्ही आता खऱ्या अर्थाने वाटतो आहोत, कार्यक्रमानंतर घेऊनच जा.  जयभीम.