गाळलेला ‘ई’

बी.ए.ला असताना आम्हाला शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ होतं. रोमिओला हद्दपार केल्याची बातमी ज्युलिएटला कळते, तो प्रवेश मी वर्गात मोठ्यानं वाचत होतो. हद्दपारीचा तो शब्द तिच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतो. मी आपला शाळेत शिकलो तसा ‘बॅनिश्ड’ असा वाचत गेलो. ओळ काही केल्या नीट पडेना. जिना उतरताना मधली पायरी नसावी तसं होई. सरांनी थांबवलं आणि म्हणाले, “बॅनिशेड म्हणून बघ. तीन अवयव.” मी म्हटलं, आणि ओळ उभी राहिली. एका ओळीत तर हा शब्द दोनदा आहे. इंग्रजी ओळीला दहा अवयव लागतात. माझ्या उच्चारानं आठच भरत होते.

त्या दिवसापासून इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळी शेपटीचा मला नाद लागला.

शेक्सपिअरच्या काळात ही ‘ई-डी’ दोन्ही प्रकारे उच्चारता येई. पूर्वी तिचा वेगळा अवयव होता. बोलण्यात तो झिजत चालला होता, पण मेला नव्हता. कवीची चैनच होती म्हणा ना! दहात एक कमी पडला की ‘लव्हेड’, एक जास्त झाला की ‘लव्ह्ड’. पण वाचणाऱ्याला कळायचं कसं? त्यासाठी ‘ई’ गाळून तिच्या जागी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, देत. शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह १६२३ साली छापला गेला. त्यात बहुतेक ठिकाणी हा हिशेब पाळलेला दिसतो. खूण असेल तर ‘ई’ गिळायची, पूर्ण लिहिलं असेल तर म्हणायची. ‘बॅनिशेड’ तिथं पूर्ण अक्षरांत आहे.

घरात उर्दू होती, म्हणून मला याचं नवल कमी वाटलं. गझलेत ‘मेरे’चा पहिला स्वर लघु हवा असेल तर उर्दूत मधला ‘ये’ गाळून ‘मिरे’ लिहितात. ती चूक नसते. कवीनं वाचणाऱ्याला केलेली ती खूण असते.

अठराव्या शतकाच्या आरंभी मात्र या गाळलेल्या ‘ई’वर मोठी ओरड झाली. १७११ साली ॲडिसननं ‘स्पेक्टेटर’मध्ये लिहिलं, की असे शब्द एका अवयवात कोंबल्यानं भाषा कर्कश झाली. १७१२ साली जोनाथन स्विफ्टनं इंग्रजी सुधारण्याची एक योजनाच लिहून काढली आणि दोष थेट कवींच्या माथी मारला. मात्रा जुळवण्याचे कष्ट नकोत म्हणून यांनी शब्द तोडले आणि गद्यवाले त्यांच्या मागे गेले, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की याच स्विफ्टची १७१० सालची शहरातल्या पावसावरची कविता पाहा. बुडालेल्या कुत्र्याच्या पिलांसाठी त्यानं वापरलेला शब्द असाच ‘ई’ गाळलेला आहे! गद्यात नाक मुरडायचं आणि कवितेत हात पसरायचा. मला यात ढोंग दिसत नाही. ओळ जुळवायला बसलं की तत्त्वं जरा बाजूला राहतात, हे कुणीही कवी सांगेल. शिवाय आरोप खराही नव्हता. स्वर लोकांच्या जिभेवरच गळत होता. कवी तो कागदावर नोंदत होते.

पुढं बोलण्यातला तो ‘ई’ पुरता गेला. मग खुणेची गरजच संपली आणि लेखनात पुन्हा पूर्ण ‘ई-डी’ आली, फक्त मुकी. आता उलटा प्रकार झाला. पूर्वी गिळायची जागा दाखवत, आज म्हणायची जागा दाखवावी लागते. नव्या आवृत्त्यांचे काही संपादक त्या ‘ई’वर तिरकी रेघ देतात. जे देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांत माझ्यासारखे विद्यार्थी पायरी चुकतात. जुना उच्चार प्रार्थनेतल्या ‘ब्लेसेड’मध्ये राहिला. विद्वान माणूस अजूनही ‘लर्नेड’ असतो. तो जे शिकला ते मात्र ‘लर्न्ड’.

हे सारं आठवायला एक कारण घडलं. एका अंकात माझी वृत्तबद्ध कविता आली. मी ‘नाहि’ लिहिलं होतं, ऱ्हस्व, कारण वृत्ताला तिथं लघु हवा होता. मुद्रितशोधकांनी नियमाप्रमाणं ‘नाही’ केलं. त्यांचं शुद्धलेखन बिनचूक, माझी ओळ एका मात्रेनं लंगडी. ज्यांनी ती वाचली, त्यांना वाटलं असणार, गृहस्थांना वृत्त सांभाळता येत नाही. एका वाचकानं तसं पत्रही पाठवलं.

हल्ली कविता पाठवताना मी समासात पेन्सिलनं लिहितो : ‘हा ऱ्हस्व मुद्दाम आहे, राहू द्यावा.’ दोनदा राहिला. तिसऱ्यांदा कवितेखाली ती सूचनाही छापून आली.