८५५ जणी आणि त्यांची मेजर

युद्धातल्या शौर्याच्या गोष्टी बहुतेक बंदुकीच्या असतात. आज मी सांगणार आहे ती टपालाच्या पोत्यांची आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं सैन्य हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढत होतं. पण त्याच सैन्यात गोरे आणि काळे वेगवेगळे ठेवलेले होते. तुकड्या वेगळ्या, राहायच्या जागा वेगळ्या. १९४२ साली स्त्रियांचं सहायक दल निघालं, तिथेही तेच. चॅरिटी ॲडम्स ही शिक्षिका, गणित शिकवणारी. ती या दलात गेली आणि तिथे अधिकारी झालेली पहिली काळी स्त्री ठरली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ६८८८वी टपाल बटालियन इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पोचली. ८५५ जणी, जवळजवळ सगळ्या काळ्या, आणि प्रमुख मेजर ॲडम्स. गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पत्रं आणि पार्सलं तुंबली होती. खिडक्या काळ्या केलेल्या, आत कडाक्याची थंडी, खाऊच्या पार्सलांवर उंदीर. रॉबर्ट स्मिथ नावाचेच ७,५०० जण! बायकांनी सुमारे ७० लाख कार्डं तयार केली, सैनिक-क्रमांकावरून माणूस शोधला, तीन पाळ्यांत दिवसरात्र काम केलं. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत उरकलं.

एकदा एक जनरल पाहणीला आला. सगळ्या जणी हजर का नाहीत म्हणून चिडला. रात्रपाळीच्या बायका झोपल्या होत्या! तुकडी कशी चालवायची ते शिकवायला गोरा लेफ्टनंट पाठवतो, असं तो म्हणाला. मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही, असं ॲडम्सने त्याला तोंडावर सांगितलं. त्याने लष्करी खटल्याची तयारी केली. तिनेही वरिष्ठांचेच नियम काढून उलट तक्रार तयार केली. शेवटी त्यानेच प्रकरण सोडून दिलं.

लंडनमध्ये रेडक्रॉसने काळ्या स्त्रियांसाठी वेगळं वसतिगृह काढलं, तेव्हा तिथे राहू नका असं तिने बायकांना सांगितलं. हा तिचा बहिष्कार होता.

पुढे फ्रान्समध्ये रूआँ इथे तिघी जणी जीपच्या अपघातात गेल्या. युद्धखात्याने अंत्यविधीला पैसे दिले नाहीत. मैत्रिणींनी वर्गणी काढून त्यांना सन्मानाने निरोप दिला.

१९४६ मध्ये या बायका परतल्या. ना मिरवणूक, ना सत्कार. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश निघाला १९४८ साली. ॲडम्स २००२ साली गेली. बटालियनला काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला तो २०२२ मध्ये. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट ली या लष्करी तळाचं, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव काढून, फोर्ट ग्रेग-ॲडम्स असं नामकरण झालं. आणि २०२५ मध्ये ते पुन्हा फोर्ट ली झालं. या वेळी ली नावाचा दुसराच सैनिक शोधला गेला. तो काळा होता, शूर होता, यात शंका नाही. पण त्यासाठी पुसलं गेलं ते ॲडम्सचं आणि ग्रेगचं नाव.

मैत्रिणींनो, सरकारी पाटी सरकार लावतं आणि सरकारच काढतं. ॲडम्सने १९८९ मध्ये स्वतःची हकिकत पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आज आपण हे बोलू शकतो. आपल्या संघटनांमधल्या वयस्क कार्यकर्त्यांची हकिकत कोणी लिहून घेतली आहे? पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने निदान एकीशी बोलावं, तिचं काम तारखांसकट नोंदवावं, एवढीच विनंती.