मोटारसायकलला स्टिअरिंग डॅम्पर बसवावा काय?



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं फार लहान वाटेल. मोटारसायकलच्या हँडलपाशीं बसवावयाची वीतभर लांबीची एक तेलाची नळी; ती बसवावी कीं न बसवावी, एवढाच प्रश्न. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी रोज मोटारसायकलवरून बाहेर पडते, त्या घरांत हा प्रश्न केवळ यंत्राचा राहात नाहीं. “एवढें बसवून घेतलें म्हणजे गाडी कधीं हलणार नाहीं,” असें तरुण मंडळी सांगतात. वडील माणसांना यंत्रांतलें फारसें कळत नसतें, काळजी मात्र पुरेपूर असते. आणि काळजीपोटीं पैसे दिले जातात. पैसे गेले याचें मला विशेष वाटत नाहीं. वाटतें तें असें कीं, पैसे देऊन आपण निर्धास्त होतों आणि ज्या दोषामुळें गाडी हलत होती तो दोष जागच्या जागीं राहातो. म्हणून ही नळी काय करते व काय करीत नाहीं, हें शांतपणें समजून घेणें अगत्याचें आहे.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेलें. पण हा विषय मुळांत झोपाळ्याचा आहे, आणि झोपाळा सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रथम, हँडल सरळ कां राहातें तें पाहूं. इस्पितळांतील ढकलगाडीचीं चाकें आपण पाहिलीं असतील. गाडी जिकडे ढकलावी तिकडे चाक आपोआप वळतें. कारण चाक ज्या उभ्या खिळीभोंवतीं फिरतें, तिच्या थोडें मागें तें जमिनीला टेकतें. खीळ पुढें जाते आणि चाक दोरीनें ओढल्याप्रमाणें तिच्या मागोमाग येतें. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाची युक्ति हीच. हँडलचा दांडा तिरका असतो. त्याची रेषा तशीच खालीं वाढविली तर ती जमिनीला जेथें मिळेल, तेथून साधारणतः ९० ते १२० मिलिमीटर मागें टायर जमिनीला टेकलेला असतो. त्यामुळें चालत्या गाडीचें चाक थोडें वळलें कीं जमीनच त्याला पुन्हां सरळ रेषेवर आणते.

परंतु सरळ करणारी शक्ति आली कीं झोंकाहि आलाच. झोपाळा मध्यावर येतो तेव्हां तेथें थांबत नाहीं. वेगाच्या भरांत पलीकडे जातो. चाकाचेंहि तसेंच होतें. एरवीं हे हेलकावे एक-दोन वेळां होऊन विरून जातात. मात्र रबरी टायरचा एक स्वभाव आहे. चाक वळल्याबरोबर त्याला बाजूची पकड पुरती मिळत नाहीं. थोडें अंतर चालून गेल्यावर मिळते. या विलंबामुळें परत लोटणारा जोर किंचित् उशिरां पोंचतो, आणि झोपाळ्याला नेमक्या क्षणीं मागून धक्का द्यावा त्याप्रमाणें तो हेलकावा विरूं देण्याऐवजीं वाढवितो. मग हँडल सेकंदाला सुमारें चार ते दहा वेळां डावीउजवीकडे थरथरूं लागतें. इंग्रजींत याला वॉबल म्हणतात. आपण थरथर म्हणूं. ती हाताबाहेर गेली म्हणजे हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झटके मारतें, जणूं पेट्रोलच्या टाकीला दोहों बाजूंनीं थपडा मारीत आहे. आणि मग गाडीवर माणूस राहाणें दैवाधीन होतें.

आतां डॅम्परकडे वळूं. कांहीं कचेऱ्यांच्या दारांना वरच्या अंगाला एक तेलाचें यंत्र असतें. दार हळूं लोटलें तर तें सहज सरकतें. जोरानें आपटूं गेल्यास अडवितें. स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे हेंच तत्त्व. नळींत दट्ट्या असतो, दट्ट्याच्या दोहों बाजूंना तेल असतें, आणि तें बारीक छिद्रांतून इकडून तिकडे जातें. हँडल सावकाश वळवा, तेल वाट देतें. हँडलनें एकाएकीं झटका मारला तर तेल त्याला तितक्याच जोरानें विरोध करतें. नळीचें एक टोंक सांगाड्याला व दुसरें टोंक हँडलबरोबर फिरणाऱ्या भागाला जोडलेलें असतें. विमानाच्या पुढच्या चाकालाहि अशीच थरथर सुटते, व तेथेंहि असाच डॅम्पर बसवितात.

ही कल्पना नवी नाहीं. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींच्या हँडलच्या मधोमध एक मोठी गोल मूठ असे. ती पिळली म्हणजे आंतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जात व घर्षणानें हँडल जड होई. ज्या मोटारसायकलला बाजूला साइडकार जोडलेली असे तिला या मुठीचा विशेष उपयोग होता. कारण साइडकार जोडली कीं मंद गतींतहि हँडल डुलूं लागतें. पण घर्षणाचा दोष असा कीं, तें वेग ओळखीत नाहीं. गर्दींत गाडी सावकाश वळवितांना जेवढें अडवितें, तेवढेंच झटक्याच्या वेळीं. तेलाच्या नळीनें हा दोष बराचसा दूर केला. २००४ सालीं होंडा कंपनीनें आपल्या सीबीआर १००० आरआर या गाडीवर विजेच्या नियंत्रणाचा डॅम्पर आणला. तो गाडीचा वेग पाहून तेलाची वाट स्वतःच अरुंद किंवा रुंद करतो.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, “मग प्रश्न कसला? प्रत्येक गाडीला बसवून टाकावा.” खरी गोष्ट येथून पुढेंच आहे.

१९७१ सालीं आर. एस. शार्प या इंग्रज संशोधकानें मोटारसायकलच्या स्थैर्याचें गणित मांडून प्रसिद्ध केलें. त्यांत गाडीच्या डळमळण्याचे तीन प्रकार दाखविले आहेत. पहिला, सावकाश एका अंगाला कलंडणें. हा स्वाराच्या सहज आटोक्यांत असतो. दुसरा, आतांच सांगितलेली हँडलची थरथर. तिसरा, नागमोडी डोल: यांत केवळ हँडलच नव्हे, तर सगळी गाडी, मागच्या चाकासुद्धां, सेकंदाला दोन ते चार हेलकावे घेत सापासारखी वळवळते. हा डोल विशेषतः मोठ्या वेगांत उद्भवतो. शार्पच्या गणितानें दाखविलें तें असें: हँडलला डॅम्पर लावला कीं थरथर शमते, पण तोच डॅम्पर मोठ्या वेगांत नागमोडी डोलाचें स्थैर्य कमी करतो.

याचें कारण सायकल शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सायकल डावीकडे कलली कीं हँडल किंचित् डावीकडे वळतें आणि तोल सांवरतो. दुचाकी उभी राहाते ती अशा अगणित बारीक वळणांवर. हँडलला अतिशय जखडलें तर त्याला झटके मारतां येणार नाहींत हें खरें, पण सांवरतांहि येणार नाहीं. औषधाची मात्रा ठरलेली असते; दुप्पट घेतल्यानें रोग दुप्पट लवकर बरा होत नाहीं.

डॅम्परची खरी गरज कोणाला असते, याचें एक ठळक उदाहरण आहे. सुझुकी कंपनीनें १९९७ सालीं टीएल १००० एस ही जोरकस गाडी बाजारांत आणली. खडबडीत रस्त्यावर वेग वाढवितांना तिचें हँडल भयंकर झटके मारतें अशा तक्रारी आल्या, तेव्हां कंपनीनें गाड्या परत बोलावून त्यांना स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिले. अशा गाड्यांचें इंजिन इतकें बलवान् असतें कीं, वेग वाढवितांना पुढचें चाक हलकें होतें, उंचवट्यावर क्षणभर जमीन सोडतें, आणि पुन्हां टेकतांना थोडें जरी तिरकें टेकलें तरी झटका बसतो. अशा गाडीला, शर्यतीच्या गाडीला, आणि साइडकारच्या गाडीला डॅम्पर हें भूषण नव्हे, साधन आहे. ज्या गाडीला त्याची गरज असते तिला आजकाल बहुधा कारखान्यांतच तो बसवितात.

पण आपल्या घरांतून सकाळीं कॉलेजला किंवा कचेरीला जाणारी शंभर-सव्वाशें सीसीची मोटारसायकल या वर्गांतली नव्हे. तिचें इंजिन पुढचें चाक हलकें करण्याइतकें बलवान् नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाहीं. अशा गाडीचें हँडल ताशीं साठ-सत्तर किलोमीटरच्या आसपास थरथरूं लागलें, तर तो नळीचा अभाव नव्हे. गाडी आपल्या आजाराची खूण दाखवीत आहे. ताप आलेल्या मुलाच्या अंगावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्या, पण ताप कशाचा हें पाहूंच नये, त्यांतला हा प्रकार.

मग पाहावें काय? क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट टायरची हवा. ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें टायर थंड असतांना पाहावें. दुसरी गोष्ट टायर स्वतः: मध्यें सपाट झिजलेला, एका बाजूनें खाल्लेला, किंवा रिमवर तिरका बसलेला टायर हें थरथरीचें फार सामान्य कारण आहे. चाक फिरवून तें डगडगतें काय, आरे ढिले आहेत काय, हेंहि पाहावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतें त्यांस आपले मिस्त्री कोनसेट म्हणतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचें चाक अधांतरीं करावें. दुसऱ्या माणसानें गाडी घट्ट धरावी. मग पुढच्या फोर्कचीं खालचीं टोंकें दोन्ही हातांत धरून पुढेंमागें हलवावीं. खट्‌ असा धक्का हाताला लागला तर कोनसेट ढिला आहे. नंतर हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश फिरवावें. बरोबर मध्यावर तें खांचेंत अडल्यासारखें वाटलें तर कोनसेट झिजला आहे व तो बदलला पाहिजे. तो वाजवीपेक्षां अधिक आंवळणेंहि वाईटच. मग मंद गतींत गाडी सरळ चालेनाशी होते.

चौथी गोष्ट मागच्या चाकाची. तें धरणारा चिमटा बाजूला हलतो काय, आणि चाक पुढच्या चाकाच्या रेषेंत आहे काय, हें मिस्त्रीकडून पाहून घ्यावें. पांचवी गोष्ट सामानाची. गणपतीला कोंकणांत निघालेल्या गाडीच्या शेपटाला दोन बॅगा, एक पेटी आणि वर बांधलेलें गांठोडें आपण पाहातों. हें वजन मागच्या चाकाच्याहि मागें गेलें म्हणजे पुढचें चाक हलकें होतें आणि गाडी डोलूं लागते. जड सामान शक्यतों पुढें व खालीं घ्यावें.

या पांचांपैकीं निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाहीं, आणि बाकीच्या कधींना कधीं कराव्याच लागतात. त्या न करतां डॅम्पर बसविला, तर ढिल्या कोनसेटची थरथर कांहीं महिने झांकली जाईल. हेंच मला सर्वांत धोक्याचें वाटतें. जो दोष बोलत होता त्याला आपण गप्प केलें. तो गेला नाहीं.

हें सर्व करूनहि, मोठ्या गाडीवर व मोठ्या वेगासाठीं कोणाला डॅम्पर बसवावयाचाच असेल, तर दोन पथ्यें पाळावींत. नळीची धांव एवढी असावी कीं हँडल दोहों बाजूंना शेवटपर्यंत वळेल. नळी आधीं संपली तर ऐन वळणावर हँडल अडकेल, आणि तो अपघात डॅम्परनेंच घडविलेला असेल. म्हणून ज्या गाडीसाठीं नळी व तिचे पट्टे बनविले असतील त्याच गाडीला ते लावावे. दुसरें, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशील बदलेल अशा फेरफारास मनाई करतें. तेव्हां बसविण्यापूर्वीं विक्रेत्याला व नोंदणी कचेरींत विचारून घ्यावें.

शेवटीं एक सूचना, जी डॅम्पर असो वा नसो, घरोघरीं सांगून ठेवण्यासारखी आहे. चालत्या गाडीचें हँडल थरथरूं लागलें तर मन सांगतें कीं तें घट्ट आंवळावें व ब्रेक दाबावा. दोन्ही गोष्टी टाळाव्या. ताठरलेल्या हातांनीं हेलकावा पुष्कळदां वाढतो, आणि पुढच्या ब्रेकनें आधींच बिथरलेल्या चाकावर भार येतो. गुडघ्यांनीं टाकी घट्ट धरावी, अंग थोडें पुढें झुकवावें, हात हँडलवर ठेवून सैल सोडावे, आणि वेग हळूंहळूं उतरूं द्यावा. हात सोडून गाडी थरथरते कीं नाहीं याची परीक्षा तर रस्त्यावर कधींच पाहूं नये.

तेव्हां मूळ प्रश्नाचें माझें उत्तर असें: बलवान् व वेगवान् गाडीला, साइडकारला व शर्यतीला डॅम्पर उपयोगी आहे, रोजच्या वापराच्या साध्या गाडीला तो अनावश्यक आहे, आणि आजारी गाडीला तो घातक आहे, कारण तो आजार लपवितो. घरांतील तरुणानें पैसे मागितले तर रागावूं नये, व लगेच देऊंहि नयेत. रविवारीं सकाळीं त्याच्याबरोबर अंगणांत जावें, गाडी स्टँडवर उभी करावी, आणि पुढच्या फोर्कला दोघांनीं हात लावावा. खट्‌ असें वाजतें काय, तें आधीं ऐकावें. पैशांचें मग ठरवावें.